जर, तर आणि लाकडाची वखार



सरांच्या स्मृतिदिनी बोलायचं म्हणजे विषय भारदस्त हवा, असं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना वाटणं साहजिक होतं. त्यांनी दोन-तीन विषय सुचवलेही. मी म्हटलं, मी इंग्रजीतल्या 'इफ'वर बोलणार. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "फक्त 'इफ'वर? तासभर?" मी म्हटलं, तास पुरला तर बरं.

'इफ' निवडायला कारण आहे. सरांची आणि माझी खरी ओळख याच शब्दानं करून दिली. अकरावीत होतो. गावाकडून नुकताच शहरात आलेलो. चाचणीच्या दिवशी गैरहजर राहिलो आणि इंग्रजीतून खुलासा लिहून आणायचं फर्मान सुटलं. रात्री कंदिलापाशी बसून मी लिहिलं, 'इफ आय वुड हॅव नोन अबाउट द टेस्ट, आय वुड हॅव कम.' दोन्हीकडे सारखं वजन, अगदी तोलून मापून. मला ते वाक्य फार देखणं वाटलं होतं. सरांनी चिठ्ठी वाचली, लाल पेन्सिलीनं दोन्ही 'वुड'भोवती गोल काढले आणि चिठ्ठी वर धरून वर्गाला विचारलं, "हे वाक्य आहे की लाकडाची वखार?"

वर्ग हसला. 'वुड' आणि लाकूड यांची गाठ पडायला मला अर्धं मिनिट लागलं. सर म्हणाले, "एका वाक्यात एकच ओंडका. 'इफ'च्या बाजूचा उचल." मी उचलला, तिथे 'हॅड' ठेवलं आणि वाक्य सुधारलं. 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' पण एकीकडचा ओंडका का उचलायचा आणि दुसरीकडचा का ठेवायचा, हे त्या दिवशी कळलं नाही. पुढे मीही मास्तर झालो, हजारो मुलांच्या वह्यांमधून तीच वखार रचलेली पाहिली, तेव्हा कुठे हळूहळू उलगडत गेलं. आज सांगायचंय ते एवढंच, की माझं ते वाक्य अडाणीपणाचं नव्हतं. ते चांगल्या मराठीचं होतं. फक्त कपडे इंग्रजी घातले होते.

मराठीत ते वाक्य म्हणून बघा. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' अलीकडे 'असतं', पलीकडे 'असतो'. मराठीचा तराजू दोन्ही पारड्यांत एकच माप टाकतो. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' या म्हणीतही तेच, 'असत्या' आणि 'असतं'. शाळेतल्या व्याकरणात क्रियापदाच्या या अर्थाला संकेतार्थ म्हणतात. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' हे त्याचं पाठ केलेलं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यातही दोन्हीकडे 'असता', 'असतं'. कानाला ही जोडी इतकी सवयीची आहे, की इंग्रजीत गेल्यावरही आपण जोडीदार शोधतो. एकीकडे 'वुड हॅव' दिसलं की दुसरीकडे 'वुड हॅव' बसवल्याशिवाय चैन पडत नाही.

यात आपण एकटेही नाही. जर्मन माणूस त्याच्या भाषेत अशा वाक्यात दोन्हीकडे एकच क्रियारूप वापरतो. संस्कृतातही असंच आहे. पाणिनीनं या कामासाठी लृङ् नावाचा स्वतंत्र लकार सांगितला आणि त्याचं कारण दिलं 'क्रियातिपत्ति', म्हणजे व्हायची क्रिया हातातून निसटून गेली, घडलीच नाही. वैयाकरणांचं नेहमीचं उदाहरण चांगल्या पावसाचं आणि सुकाळाचं आहे, आणि तिथेही दोन्ही क्रियापदं लृङ् मध्येच असतात. मराठीनं लृङ् घेतला नाही, आपला 'असता' वेगळ्या वाटेनं आला. पण दोन्ही पारड्यांत एकच माप ही रीत मात्र तीच. आणि खुद्द अमेरिकेत बोलताना लोक सर्रास 'इफ आय वुड हॅव नोन' म्हणतात. तिथले व्याकरणवाले त्यावर लाल पेन्सिल फिरवतात, ती गोष्ट वेगळी. तेव्हा वखार काही फक्त आपल्या तालुक्यात नाही.

लृङ् चं आणखी एक नवल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'भविष्यति' हा भविष्यकाळ. त्याला भूतकाळाचा 'अ' पुढून चिकटवला की 'अभविष्यत्', झालं असतं. म्हणजे भविष्यकाळ उचलून भूतकाळात नेऊन ठेवायचा. आता इंग्रजीतला 'वुड' बघा. तो 'विल'चा भूतकाळ आहे. तीच युक्ती! न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलायला भूतकाळात अडकलेलं भविष्य वापरायचं, हे दोन भाषांना सुचलं. एका वर्गात हे फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर बघणारा मुलगा म्हणाला, "मग 'वुड' 'तर'च्या बाजूलाच शोभतो, सर. भविष्य तिकडेच आहे ना." मला इतक्या सोप्या शब्दांत ते कधी सांगता आलं नव्हतं. 'इफ'च्या बाजूला अट असते. त्या अटीमुळे जे पुढे होणार होतं ते दुसऱ्या बाजूला. 'विल' आणि त्याचा भूतकाळ 'वुड' हे त्या पुढच्याचे शब्द आहेत, म्हणून ते तिकडे. सरांच्या 'का'चं उत्तर मला बाकावरून मिळालं.

पण मराठी माणसाचा खरा घोटाळा दोन 'वुड'मध्ये नाही. तो त्याहून खोल आहे आणि पुस्तकांत त्याबद्दल सहसा एक ओळही नसते. 'काल वेळ असता तर आलो असतो.' 'आत्ता वेळ असता तर आलो असतो.' क्रियापदांकडे बघा. एका अक्षराचाही फरक नाही. कालची हुकलेली गोष्ट आणि आत्ताची अशक्य गोष्ट मराठी एकाच सुरात सांगते आणि कधीची ते 'काल', 'आत्ता', 'आज', 'तेव्हा' या शब्दांवर सोपवते. इंग्रजी तसं करत नाही. आत्ता वेळ नाही, तर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.' काल वेळ नव्हता, तर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.' ते 'हॅड हॅड' ऐकून मुलं हसतात, छापण्यातली चूक समजतात. चूक नाही. पहिला 'हॅड' काळासाठी, दुसरा 'असणे' या क्रियापदासाठी. मराठीनं 'काल' म्हणून जे काम भागवलं, ते इंग्रजी क्रियापदाकडूनच करून घेते.

म्हणूनच आपल्याकडची मुलं या दोन वाक्यांत गोंधळतात आणि मिसळीच्या वाक्यात तर हमखास अडखळतात. 'तेव्हा वैद्यकीला गेलो असतो तर आज डॉक्टर असतो.' अट जुनी, परिणाम आजचा. इंग्रजीत अर्धं वाक्य कालचं आणि अर्धं आजचं करावं लागतं, 'इफ आय हॅड गॉन टू मेडिकल कॉलेज, आय वुड बी अ डॉक्टर नाऊ.' शेवटी 'वुड हॅव बीन' लिहिलंत तर डॉक्टरकी आजची न राहता गतकाळातली होते. प्रकार एक, दोन, तीन असे आकडे घालून पाठ केलेल्या मुलाला हे वाक्य कुठल्याच कप्प्यात बसत नाही आणि तो घाबरून ते सोडून देतो. मी ते आकडे शिकवणं बंद केलं. त्याऐवजी मुलांना दोनच प्रश्न विचारायला लावतो. गोष्ट खरंच होऊ शकते की नुसती मनातली आहे? आणि ही बाजू कधीची आहे? दुसरा प्रश्न दोन्ही बाजूंना वेगळा विचारायचा.

आता एक शंका हमखास येते. 'इफ आय हॅड टाइम' मध्ये आत्ताबद्दल बोलायचंय, मग 'हॅड' हा भूतकाळ कशाला? मी त्या मुलाला म्हणतो, तू शेजारच्या काकूंच्या दारात उभा राहून काय म्हणतोस? "काकू, जरा काम होतं." काम 'होतं'? काम तर आत्ता आहे! दुकानात आपण म्हणतो, "मला अर्धा किलो साखर हवी होती." साखर आत्ताच हवी आहे. आणि आईनं हाक मारल्यावर हातातलं न सोडता आपण ओरडतो, "आलो, आलो!" तेव्हा आपण जागचे हललेलेही नसतो. भूतकाळाचं रूप म्हणजे नेहमी गेलेला काळ नव्हे, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. दारात उभं राहून आपण त्या रूपानं थोडं अंतर राखतो. इंग्रजी 'इफ आय हॅड' मध्ये वास्तवापासून अंतर राखते. मला हे जेव्हा सुचलं तेव्हा वाटलं, तीस वर्षं फुकट गेली. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा काकूंचा उंबरठा बरा होता.

'इफ आय वेअर यू' मधलं 'वेअर' हे याच अंतराचं जुनं, जपून ठेवलेलं रूप आहे. बोलताना 'वॉज' ऐकू येतं, पण 'मी तुझ्या जागी असतो तर' म्हणायचं असेल तेव्हा लेखी इंग्रजीत 'वेअर'च ठेवा. त्यावर अधिक सांगण्यासारखं नाही.

घडू शकणाऱ्या गोष्टींकडे येऊ. इथे मराठी आपली दोस्त आहे, पण आपण तिचं ऐकत नाही. 'उद्या पाऊस पडला तर सामना होणार नाही.' उद्याची गोष्ट, तरी 'पडला'. मराठीनं अटीत भविष्यकाळ घातला नाही. इंग्रजीही घालत नाही, ती म्हणते 'इफ इट रेन्स टुमॉरो'. मग आपली मुलं 'इफ इट विल रेन' का लिहितात? कारण वर्गात त्यांना शिकवलंय, 'उद्या' म्हणजे 'विल'. दोष मराठीचा नाही, आमचा, मास्तरांचा. मात्र एका ठिकाणी मराठीही फसवते, 'असणे' या क्रियापदाशी. 'वेळ असेल तर ये.' इथे 'असेल' आलं, भविष्याच्या वेशात. त्याचं सरळ भाषांतर होतं, 'इफ यू विल हॅव टाइम, कम.' ऑफिसांतल्या ई-मेलमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता पेन्सिल उचलत नाही. 'इफ यू हॅव टाइम', बस्स.

या नियमाचा नमुना हवा असेल तर रुडयार्ड किपलिंगची 'इफ' नावाची कविता बघा. किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. ही कविता १९१० साली पुस्तकात आली आणि तेव्हापासून जगभरच्या बक्षीससमारंभांत अडकून पडली आहे. तिचा उपदेश मला फारसा भावत नाही, खरं सांगतो. पण तिचं व्याकरण! बत्तीस ओळींचं ते एकच वाक्य आहे. अटीमागून अटी येतात, सगळ्या वर्तमानकाळात, एकीतही सहायक 'विल' नाही. आणि वाक्य शेवटी जमिनीला टेकतं तेव्हा कुठे भविष्याचा 'विल' दिसतो. मध्ये एका ठिकाणी 'विल' हा शब्द आहे, पण तो नाम म्हणून, इच्छाशक्ती या अर्थानं.

तो इच्छेचा 'विल' लक्षात ठेवा, कारण त्यानंच माझी एकदा फजिती केली. सरांचा वखारीचा विनोद मी वर्षानुवर्षं माझ्या वर्गांत वापरत आलो होतो. एका विद्यार्थिनीला परदेशी विद्यापीठाचं पत्र आलं. ती ते घेऊन धावत आली, चेहऱ्यावर विजय. "सर, वखार!" पत्रात होतं, 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड...' दोन 'वुड', एक थेट 'इफ'च्या शेजारी. माझी बोलती बंद. त्या रात्री मी बरीच पुस्तकं चाळली आणि उत्तर पुन्हा मराठीतच सापडलं. 'आपण आलात तर आनंद होईल' आणि 'आपण याल तर आनंद होईल' ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात येणं ही घटना आहे. दुसऱ्यात विनंती आहे, समोरच्याच्या मर्जीला हात जोडलेले आहेत. 'सही कराल तर बरं होईल' असं आपण नेहमी म्हणतो. अटीत भविष्यकाळ न घालणारी मराठी आर्जवासाठी मात्र घालते. 'इफ यू विल' आणि 'इफ यू वुड' म्हणजे हेच 'याल तर', 'कराल तर'. तेव्हा 'इफ'नंतर 'विल' कधीच नाही, हा फळ्यावरचा नियम अर्धाच खरा आहे. घटनेसाठी नाही, मर्जीसाठी आहे.

कायद्याच्या पुस्तकातही हा फरक मला दिसला. १८७२चा भारतीय करार कायदा घ्या. कलम ३१ ते ३६ अटीवर अवलंबून असलेल्या करारांची आहेत, म्हणजे कायद्यातला 'जर-तर'. प्रत्येक कलमाखाली 'अ', 'ब', 'क' यांची छोटी नाटकं आहेत. 'ब'चं घर जळालं तर 'अ'नं त्याला १०,००० रुपये द्यायचे, इथून सुरुवात. कलम ३४च्या नाटकात 'ब'नं 'क'शी लग्न केलं तर 'अ' पैसे देणार असतो, आणि 'क' जाते नि 'ड'शी लग्न करते. कायदा म्हणतो, आता 'ब'चं लग्न अशक्य समजावं, जरी उद्या 'ड' मेला तर 'क' पुन्हा 'ब'शी लग्न करू शकत असली तरी. मसुदा लिहिणाऱ्याला कथालेखक व्हायला हरकत नव्हती. या कलमात लग्नासाठी साधा वर्तमानकाळ आहे, 'मॅरीज'. पण कलम ३६ मध्ये 'ब' जर 'अ'च्या मुलीशी लग्न करील तर, अशी अट आहे आणि तिथे 'इफ'नंतर सरळ 'विल' आलाय. मी तो 'करायला राजी असेल तर' असा वाचतो. बिचारी मुलगी करार होताना आधीच मेलेली असते, म्हणून करार रद्दबातल. त्याच कलमात दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त केली तर, ही दुसरी अशक्य अट आहे आणि तिथे 'शुड' आहे. बँका पत्रांत लिहितात 'शुड यू रिक्वायर', तोच हा 'शुड', 'यदाकदाचित' या अर्थाचा. 'पाहिजे'शी त्याचा संबंध नाही. हे न कळल्यामुळे 'तुम्हाला गरज पडलीच पाहिजे' असं भाषांतर झालेलं मी पाहिलंय.

'अनलेस'बद्दल दोन शब्द, कारण ती चूक महागात पडते. एका इमारतीच्या जिन्यात सूचना लावलेली होती. 'अनलेस यू डू नॉट पे मेंटेनन्स, वॉटर विल बी कट.' म्हणजे देखभाल खर्च भरणाऱ्यांचं पाणी तोडणार! लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'भरला नाहीत तर' होतं. त्यातला 'नाही' 'अनलेस'च्या पोटात आधीच आहे, हे तो विसरला. मराठीत त्याचं जोडीदार रूप 'भरल्याशिवाय' आहे. तिथे आपण दुसरा 'नाही' घालत नाही. हीच गत 'टिल'ची. 'तू येत नाहीस तोपर्यंत थांबतो' याचं 'टिल यू डोन्ट कम' होतं, आणि ऐकणारा इंग्रज बुचकळ्यात पडतो की हा नक्की थांबणार कधीपर्यंत.

मराठीतून इंग्रजी शिकणं ही काही नवी गोष्ट नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. पुढे तर्खडकरांच्याच नावाच्या भाषांतर पाठमालेनं आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवलं, वाक्यासमोर वाक्य ठेवून. नंतर वर्गात मराठी शब्द काढायचा नाही, अशी टूम निघाली. मुलं गप्प बसली आणि आकडे पाठ करू लागली. माझं स्पष्ट मत आहे, की 'इफ'पुरती तरी ती टूम चुकीची होती. जिथे चूक मराठीतून येते, तिथे मराठी बाहेर ठेवून ती दिसतच नाही.

इथे बरेच शिक्षक बसलेत, म्हणून एक विनंती. शेवटचं उदाहरण मुलांना फार आवडतं. 'घरी पोचलास की फोन कर' आणि 'घरी पोचलास तर फोन कर.' पहिल्यात आई आहे. दुसऱ्यात आई वैतागलेली आहे. 'की' म्हणजे 'व्हेन', 'तर' म्हणजे 'इफ', आणि दोन्हीकडे 'पोचलास', म्हणजे इंग्रजीतही दोन्हीकडे 'विल' नाही. एवढ्या एका जोडीवर तास निघतो. तो झाला की आत्याबाईच्या मिशांची म्हण फळ्यावर लिहा आणि तिचं इंग्रजी करून घ्या, एकदा आत्या समोर बसली आहे असं धरून आणि एकदा पणजोबांच्या काळातली आत्या धरून. 'हॅड' कुठे एकदा येतो आणि कुठे दोनदा, ते मुलं स्वतः शोधतील. उद्या वर्गावर गेलात की हे करून बघा. 'गेलात तर' नव्हे, 'गेलात की'.